नागपूर परिसरातील पक्षीनिरीक्षण : उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडे

नागपूर शहर आणि त्याभोवतालचे तलाव, झुडपी जंगले, माळराने व शेतशिवार यांमध्ये ऋतूबरोबर बदलत जाणाऱ्या पक्षिजीवनाची नियमित पाहणी करून तिची तारीखवार नोंद ठेवण्याचा हा छंद आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटे तो १० अंशांच्या खाली उतरतो. असे असले तरी येथील पक्ष्यांचे वर्ष पाऱ्यापेक्षा तलावांतील पाण्याच्या चढउतारावर अधिक चालते, आणि ज्याला हे एकदा उमगले त्याला कोणत्या महिन्यात कोठे जाऊन बसावे हे विचारावे लागत नाही.

उन्हाळ्यात निरीक्षणाचा वेळ फार थोडा असतो. सकाळी आठनंतर पक्षी सावली धरतात आणि उरलेल्या दिवसात तांबट पक्ष्याचा ठोका तेवढा ऐकू येत राहतो. तलाव आटत गेल्यामुळे बगळे, पाणकावळे आणि शेकाटे उरलेल्या डबक्यांभोवती दाटीने जमतात. याच सुमारास पावशाची चढत जाणारी साद सुरू होते. शेतकऱ्याला ती 'पेरते व्हा' अशी ऐकू येते. जूनमध्ये पावसाच्या आगेमागे आफ्रिकेतून चातक येतो, तर गोरेवाडा आणि पेंचसारख्या जंगलांत नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे व संध्याकाळी घुमू लागते. विहिरीवर झुकलेल्या बाभळी-शिंदींवर सुगरणीचे खोपे विणले जातात. पावसाळा हा स्थानिक पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे घरट्यांपासून दूर राहणे ही या दिवसांतील पहिली शिस्त मानली जाते.

हिवाळी पाहुणे थंडीबरोबर येतात, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो दुरुस्त करण्याजोगा आहे. नागपुरात अजून पाऊस कोसळत असतो तेव्हाच उत्तरेकडील पक्षी येऊ लागलेले असतात, कारण त्यांच्या प्रवासाची वेळ तेथील लहान होत जाणारा दिवस आणि आटोपलेली वीण यांवर ठरते, येथील गारव्यावर नव्हे. मध्य आशियात मे-जूनमध्ये पिले वाढवून झालेल्या भोरड्या (गुलाबी मैना) जुलै-ऑगस्टपासूनच परतताना दिसू लागतात, आणि पुढे ज्वारी निसवली की त्यांचे थवे शेतकऱ्याच्या चिंतेचा विषय होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाल्याकाठी हिरवा तुतवार एकटाच शेपूट खालीवर करीत चालताना दिसतो आणि करडा धोबी दगडावरून दगडावर उडी घेतो. त्यामानाने बदके उशिरा येतात. सप्टेंबरात काठोकाठ भरलेला तलाव डोळ्यांना सुखावत असला, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने तो बराचसा रिकामा असतो. पाणी उतरून उथळ कड आणि चिखल उघडा पडला म्हणजे पाणवनस्पती, किडे व शंखशिंपले चोचीच्या टप्प्यात येतात. म्हणूनच भरलेल्या तलावापेक्षा उतरता तलाव अधिक समृद्ध, असे म्हणणे योग्य ठरेल.

याच आठवड्यांत दुसरीकडे निरोपही चाललेला असतो, आणि निरीक्षक नव्याच्या ओढीने त्याकडे सहसा दुर्लक्ष करतात. नवरंग दक्षिण भारत व श्रीलंकेकडे निघून जातो, चातक परतीला लागतो. एखादा पक्षी पहिल्यांदा दिसला ती तारीख सहज लिहिली जाते. तो शेवटचा कधी दिसला हे मात्र तो दिसेनासा झाल्यावरच कळते, त्यामुळे रोजची साधी टिपणवही येथे फार मोलाची ठरते.

दसऱ्याला नीळकंठाचे दर्शन शुभ मानण्याची प्रथा विदर्भात आहे. नागपूरकडे ज्याला नीळकंठ म्हणतात तोच मराठी पक्षिविषयक लेखनात नीलपंख या नावाने येतो, हे नोंदी करताना ध्यानात ठेवावे. तारेवर बसलेला हा पक्षी फिकट तपकिरी वाटतो, पण झेप घेताच पंखांतील गडद व फिकट निळे पट्टे एकदम उघडतात.

ऑक्टोबरात उतरणारी बदके नवशिक्याला चकवतात. विणीनंतर बदकांची उड्डाणपिसे एकाच वेळी गळतात, काही आठवडे त्यांना उडता येत नाही, आणि त्या काळात नराचा रंगीत पेहराव जाऊन तो मादीसारखा मळकट तपकिरी होतो. येथे पोहोचतात तेव्हा बरेच नर अजून त्याच वेषात असतात. अशा वेळी रंग सोडून घडण पाहावी : थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच, तलवार बदकाची लांब सडपातळ मान, भुवई बदकाच्या चेहऱ्यावरील फिकट रेघा. डिसेंबरपर्यंत नरांचे रंग परत भरतात आणि त्याच थव्याकडे पाहताना जणू वेगळेच पक्षी आल्यासारखे वाटते. खात्री नसेल तर 'बदक, जात अनिश्चित' अशी नोंद करणे अधिक प्रामाणिक होय.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शासनाने २०२० साली तो घोषित केला. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस त्याच्या दोन कडा आहेत. विदर्भाला या सप्ताहाविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगाव बांध परिसरात दीर्घकाळ काम केले आणि पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी आयुष्य वेचले.

थंडी स्थिरावल्यावर शहरात अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा येथे सकाळी जाता येते. पण पक्ष्यांची खरी गर्दी ग्रामीण तलावांवर असते. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातील) तलाव आणि बोड्या म्हणजे लहान तळी धानाच्या सिंचनासाठी बांधल्या गेल्या. कमळ, शिंगाडा आणि उथळ काठ यांमुळे कमळपक्षी, चांदवे व बदके यांना तेथे अन्न आणि आडोसा दोन्ही मिळते. हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसासारखा पक्षी साधारणपणे डिसेंबरात दिसू लागतो. उपग्रहाद्वारे केलेल्या मागोव्यात या पक्ष्याने ७,००० मीटरहून अधिक उंची गाठल्याचे आढळले आहे. दिवसा तो काठावर विसावतो आणि संध्याकाळी शेतांकडे चरायला निघतो. चक्रवाक जोडीने वाळूवर उभा असतो. गहू-हरभऱ्याच्या शिवारावरून भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत जातो, आणि घराच्या कुंपणावर थिरथिऱ्या शेपूट कापवीत बसतो.

निरीक्षणासाठी ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, मळखाऊ कपडे आणि सूर्य पाठीशी येईल अशी जागा पुरेशी असते. थव्याने माना उंच केल्या की आपण फार जवळ आलो असे समजून थांबावे, कारण उडवलेल्या थव्याची चरण्याची वेळ आणि साठवलेली शक्ती वाया जाते. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्षी जवळ बोलावणे टाळावे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चाललेल्या या गणनेत एकाच तलावावर दरवर्षी त्याच सुमारास केलेली मोजणी सर्वांत उपयोगी पडते. फेब्रुवारीत पळस फुलू लागतो, भोरड्या त्याच्या मधासाठी गोळा होतात आणि तलावावरील बदकांचे आकडे टिपणवहीत घटू लागतात.