दा नांगला निघण्यापूर्वी: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, हान नदी समुद्राला मिळते तिथे दा नांग हे शहर वसले आहे. या शहराच्या सहलीसाठी आपण आमच्याकडे नाव नोंदवले आहे किंवा नोंदवण्याचा विचार करत आहात. कार्यक्रमपत्रिकेत आपल्याला वेळा आणि ठिकाणे मिळतीलच; त्यांचा क्रम आम्ही तसा का ठेवला, कोणते ठिकाण कशासाठी पाहायचे आणि कुठे काय काळजी घ्यायची, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे. बहुतेक प्रवासी आमच्याकडे येतात ते दोन प्रचंड हातांनी उचलून धरलेल्या सोनेरी पुलाचे छायाचित्र पाहून, आणि तो पूल आम्ही दाखवतोच. परंतु दा नांगला जाऊन चाम लोकांची शिल्पे आणि देवळे न पाहता परतणे म्हणजे वेरूळला जाऊन कैलास लेणे न पाहता परतण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे, आणि सहलीची आखणी आम्ही त्याच मताने केली आहे.

आधी संग्रहालय, मग मी सन

आजच्या व्हिएतनामचा मध्य किनारा अनेक शतके चंपा राज्यांचा होता. चाम लोकांची भाषा मलय भाषेच्या कुळातली; पण त्यांच्या राजांनी शिव हे आपले आराध्य दैवत मानले, शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत कोरले, आणि नगरांना सिंहपूर, इंद्रपूर, विजय अशी नावे दिली. दक्षिणेकडच्या एका प्रांताचे नाव तर पांडुरंग होते. आजचे फान रांग हे नाव त्याच शब्दावरून आले आहे. हे ऐकल्यावर आपल्या मंडळींना हमखास पंढरपूर आठवते. तो आनंद आम्हालाही होतो, मात्र नाव सारखे आहे एवढ्यावरून विठ्ठलाचा संबंध जोडू नये.

या चंपा काळातील शिल्पांचा सर्वांत मोठा संग्रह दा नांग शहरातच, ड्रॅगन पुलाच्या पश्चिम टोकाशी असलेल्या चाम शिल्प संग्रहालयात आहे. फ्रेंच राजवटीत, १९१९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. इमारत पिवळ्या रंगाची, ठेंगणी आणि हवेशीर आहे. आत शिरल्यावर घाई न करता ‘मी सन’ या चाम देवळांच्या स्थळाच्या दालनात थांबावे. तिथे सातव्या शतकातील एका देवळाच्या दर्शनी भागावरचे वालुकाश्माचे शिल्प आहे: शेषावर पहुडलेला विष्णू आणि त्याच्या नाभीतून उगवलेल्या कमळावर बसलेला ब्रह्मदेव. कथा आपल्या परिचयाची, पण चेहऱ्यांची ठेवण वेगळी, अंगावरचे दागिने थोडके आणि सगळी मांडणी अतिशय संयत. त्याच देवळातील शिवलिंगाच्या चौथऱ्यावर चारही बाजूंनी तपस्वी लोकांचे रोजचे जीवन कोरलेले आहे; कोणी वाद्य वाजवतो आहे, तर कोणी दुसऱ्याचे अंग रगडून देतो आहे. जवळच उभा गणपती आहे. त्याचे काही हात काळाच्या ओघात तुटले आहेत, पण सोंड वाटीतल्या खाऊकडे वळलेली स्पष्ट दिसते, आणि आमच्या प्रत्येक गटातील कोणी ना कोणी तिथे नकळत हात जोडतात.

पूर्वी आम्ही क्रम उलटा ठेवत असू: आधी मी सन, आणि वेळ उरला तर संग्रहालय. त्या गटांतील प्रवासी उन्हात फिरून मोडक्या विटांचे ढिगारे पाहत आणि दमून बसमध्ये येऊन बसत. एकदा एका ज्येष्ठ प्रवासी बाईंनी आम्हाला सरळ विचारले, ‘‘अहो, देव कुठे आहेत?’’ देव शहरातल्या संग्रहालयात होते, आणि ते आम्ही त्यांना आधी दाखवायला हवे होते. ही चूक आमची होती. तेव्हापासून पहिल्या दिवशी दुपारी संग्रहालय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सन हा क्रम आम्ही बदललेला नाही.

मी सन हे ठिकाण (इंग्रजी पाट्यांवरून आपल्याकडे त्याचा उच्चार ‘माय सन’ असाही करतात) दा नांगपासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावर, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मन याने येथे शिवाचे देऊळ उभारले आणि देवाला भद्रेश्वर असे नाव दिले. ते लाकडी देऊळ पुढे आगीत गेले. सातव्या शतकाच्या सुमारास शंभुवर्मन राजाने ते पुन्हा बांधले, तेव्हा देवाच्या नावात स्वतःचे नाव गुंफून त्याला शंभुभद्रेश्वर म्हटले. त्यानंतर तेराव्या शतकापर्यंत राजामागून राजा येथे देवळे बांधत गेला. ही देवळे भाजलेल्या विटांची आहेत. दोन विटांच्या सांध्यावरून बोट फिरवले तर मधला थर जवळजवळ लागतच नाही, आणि नक्षी विटा रचून झाल्यावर भिंतीवरच कोरलेली आहे.

फ्रेंच अभ्यासकांनी देवळांच्या गटांना ए, बी, सी याप्रमाणे रोमन अक्षरे दिली, आणि आजही फलकांवर तीच दिसतात. त्यांपैकी ‘ए’ गटातील मुख्य देऊळ या स्थळाचे शिखर मानले जात असे. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात ते कोसळले. बॉम्बने पडलेले खड्डे गवताखाली अजून ओळखू येतात. युद्धानंतर काझिमिएर्झ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत येथे जतनाचे काम केले. अलीकडे, २०१७ पासून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी ‘ए’, ‘एच’ आणि ‘के’ या गटांची दुरुस्ती केली. त्या कामादरम्यान मे २०२० मध्ये ‘ए’ गटात एकाच दगडात घडवलेले अखंड शिवलिंग मातीखालून बाहेर आले. १९९९ पासून मी सन जागतिक वारसा यादीत आहे.

येथे एक विनंती आहे. ही देवळे आज पूजेतली नाहीत, ती जतन केलेली वास्तू आहेत. त्यामुळे लिंगावर पाणी किंवा फुले वाहू नयेत, कुंकू लावू नये आणि चौथऱ्यावर चढून छायाचित्रे काढू नयेत. मनोमन नमस्कार करण्यास अर्थातच कोणाची हरकत नाही. खोऱ्यात वारा कमी आणि दमटपणा फार असल्याने आम्ही हॉटेलातून पहाटेच निघतो. न्याहारी डब्यात बरोबर दिली जाते.

होई आन

दा नांगपासून सुमारे ३० किलोमीटरवर थू बोन नदीच्या काठी होई आन हे जुने बंदर आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत येथे जपानी आणि चिनी व्यापारी येऊन राहिले. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे दा नांगकडे वळली आणि गाव मागे पडले. त्यामुळेच त्याचे जुने रूप टिकले. पिवळ्या भिंतींची लाकडी घरे, चिनी संघांची सभागृहे आणि छप्पर असलेला जपानी पूल हे सर्व पायी फिरून पाहता येते. या पुलाची दुरुस्ती पूर्ण होऊन २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. २०,००० डाँगच्या नोटेवर त्याचेच चित्र आहे, तेव्हा पुलासमोर उभे राहून नोट काढून पाहण्याची मौज मुलांना जरूर घेऊ द्यावी.

चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री गावातील विजेचे दिवे मंद करून कंदील लावले जातात. ही रात्र साधारण आपल्या शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या सुमारास येते, त्यामुळे सहलीची तारीख ठरवताना आम्ही पंचांगही समोर ठेवतो. त्या रात्री गर्दी फार असते. ज्यांना शांतता प्रिय आहे त्यांनी त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत गावातून एक फेरी मारावी.

होई आनचे शिंपी प्रसिद्ध आहेत आणि एक-दोन दिवसांत कपडे शिवून देतात. माप पहिल्या भेटीत द्यावे आणि अंगावर घालून पाहण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. निघायच्या दिवशी ताबा घेतला आणि बाही आखूड निघाली, तर काही करता येत नाही. गावाबाहेर काम थान्ह येथे पाणमाडांच्या दाटीतून बांबूच्या गोल टोपलीहोडीने फिरवतात; होडी गरगर फिरवण्याचा खेळ ज्यांना सोसत नाही त्यांनी नावाड्याला आधीच हाताने नाही म्हणून सांगावे.

शहर आणि आसपास

हान नदीवरचा ड्रॅगन पूल २०१३ मध्ये खुला झाला. ६६६ मीटर लांबीच्या या पुलावरचा पोलादी ड्रॅगन शनिवार-रविवारी रात्री ९ वाजता आधी आग आणि मग पाणी सोडतो. तोंडासमोर उभे राहणारे भिजतात, म्हणून आम्ही गटाला थोडे बाजूला, नदीकाठी उभे करतो.

होई आनच्या वाटेवर संगमरवराचे पाच डोंगर आहेत. त्यांना धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि पृथ्वी या चिनी परंपरेतील पाच तत्त्वांची नावे आहेत. आपली पंचमहाभूते वेगळी, पण कल्पनेचा धागा ओळखीचा वाटतो. त्यांपैकी पाण्याच्या डोंगरावर पायऱ्यांनी किंवा लिफ्टने जाता येते. वरच्या हुयेन खोंग गुहेच्या छताला भोके आहेत, आणि त्यांतून पडणारे उन्हाचे कवडसे धूपाच्या धुरात काठ्यांसारखे उभे दिसतात. पायथ्याच्या गावात पिढीजात पाथरवट आहेत. डोंगर फोडण्यास आता बंदी असल्याने दगड बाहेरून येतो, तेव्हा ‘याच डोंगराचा दगड’ असे सांगून कोणी जास्त भाव मागितल्यास देऊ नये.

शहराच्या ईशान्येस सोन त्रा हे डोंगराळ द्वीपकल्प आहे. तेथील लिन्ह उंग मंदिरासमोर समुद्राकडे तोंड करून ६७ मीटर उंच शुभ्र मूर्ती उभी आहे. ती क्वान आमची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची. तिकडे त्याचे रूप करुणामयी देवीचे झाले. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे आवश्यक आहेत. ‘मी खे’ या किनाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही: वाळू स्वच्छ आहे, आणि लाल बावटा लावलेला असेल तर पाण्यात उतरू नये.

बा ना डोंगर हे मूळचे फ्रेंचांचे थंड हवेचे ठिकाण. सुमारे ५.८ किलोमीटर लांबीच्या केबल कारने वर जावे लागते. सुरुवातीला सांगितलेला सोनेरी पूल इथेच आहे; तो २०१८ मध्ये झाला. हात जुन्या दगडाचे भासतात, प्रत्यक्षात ते जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. वरची ‘फ्रेंच वस्ती’ आधुनिक काळात उभारलेली आहे. मुलांना ती आवडते, पण यात पूर्ण दिवस जातो. ज्यांच्या हाती तीनच दिवस आहेत त्यांनी बा ना गाळावे, असा सल्ला आम्ही स्पष्टपणे देतो. त्यापेक्षा हाय वान घाटाखालून समुद्राच्या कडेकडेने ह्युए शहराला जाणाऱ्या रेल्वेत सुमारे तीन तास खिडकीशी बसावे. आपल्या खंडाळ्याच्या घाटाच्या पायथ्याशी समुद्र आणून ठेवावा, तसे ते दृश्य आहे.

जेवण, हवामान आणि कागदपत्रे

शाकाहाराला व्हिएतनामी भाषेत ‘चाय’ म्हणतात. चहा मागावा तशा सुरात ‘चाय’ म्हटले तर शाकाहारी जेवणाची चौकशी होते, हा घोटाळा आमच्या प्रवाशांचा नेहमी होतो. ‘कोम चाय’ असा फलक असलेल्या खाणावळीत निर्धास्तपणे जेवावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अनेक स्थानिक लोकही मांसाहार वर्ज्य करतात, तेव्हा अशा खाणावळी भरलेल्या असतात. इतरत्र मात्र भाजीतही माशाच्या अर्काची चटणी, म्हणजे ‘नुअक माम’, असू शकते. बान्ह सेओ हे तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाच्या दुधाचे घावन आहे. नेहमीच्या सारणात कोळंबी आणि डुकराचे मांस असते, परंतु ‘चाय’ खाणावळीत ते अळिंबी आणि मोड आलेल्या मुगाचे मिळते. जैन जेवणाची सोय आम्ही आधी कळवल्याशिवाय होत नाही.

फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम. जून ते ऑगस्ट कडक ऊन असते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये मुसळधार पाऊस आणि वादळे येतात, होई आनच्या रस्त्यांत नदीचे पाणी शिरते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतील सहल स्वस्त पडत असली तरी आम्ही ती घेत नाही.

भारतीय पासपोर्टधारकांना ई-व्हिसा लागतो. एकदा प्रवेशासाठी २५ आणि अनेकदा प्रवेशासाठी ५० अमेरिकी डॉलर शुल्क आहे. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. अर्जात तेही जसेच्या तसे, त्याच क्रमाने भरावे लागते. मधले नाव गाळलेला व्हिसा विमानतळावर अडचणीचा ठरू शकतो, म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी पासपोर्टची प्रत आमच्या कार्यालयात एकदा तपासून घ्यावी. व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तेथील २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत आणि संध्याकाळच्या उजेडात सहज चुकतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.