जुन्या व्हॅनच्या पोटाखालचे पाइप: आधार हवा, आवळणे नको

फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनची तिसरी पिढी, म्हणजे टी-३, १९७९ साली आली तेव्हा तिचे इंजिन आधीच्या दोन पिढ्यांप्रमाणे मागे होते आणि ते हवेनेच थंड होत असे. १९८१ मध्ये पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन आणि १९८२ च्या उत्तरार्धात तसेच पेट्रोल इंजिन आले, पण इंजिनाची जागा बदलली नाही. रेडिएटरला समोरचा वारा मिळावा म्हणून तो गाडीच्या नाकाशी बसवण्यात आला, आणि त्यामुळे दोन लांब पाइप गाडीच्या पोटाखालून न्यावे लागले: एक तापलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) पुढे नेणारा, दुसरा निवलेले मागे आणणारा. या गाड्यांत पंधरा लिटरांहून अधिक कूलंट मावते, ते या लांबच्या फेरीमुळेच.

आज या गाड्या पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या आहेत. इंधनाची टाकी उतरवताना किंवा गिअरचा लांब दांडा बदलताना हे पाइप वाटेत येतात. त्यांना गाडीला धरून ठेवणारे गंजलेले क्लॅम्प, म्हणजे पकडपट्ट्या, सोडवताना तुटतात, आणि मग हाताशी असलेली तार किंवा प्लास्टिकची पट्टी बांधून काम भागवले जाते. एखादा क्लॅम्प कमी झाला तर काय बिघडते, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. उत्तर बरेच काही असे आहे, आणि त्यामागे दोन साधी गणिते आहेत.

पहिले गणित वजनाचे. पाइपाचा आतला व्यास ३५ मिलिमीटर धरला, तर दर मीटरमागे त्यात जवळजवळ १ लिटर द्रव, म्हणजे सुमारे १ किलो वजन असते. पाइपाचे स्वतःचे वजन वेगळे. दोन आधारांवर टेकलेला पाइप स्वतःच्या भाराने मध्यावर किती झोळतो, हे आधारांमधील अंतराच्या चौथ्या घातावर ठरते. सलग तीन आधारांपैकी मधला निघाला की अंतर दुप्पट होते आणि झोळ मात्र सोळापट होतो. प्लास्टिकचा पाइप मीटरभराच्या अंतरात १ मिलिमीटर झोळत असेल, तर दोन मीटरच्या अंतरात तो दीड सेंटिमीटरहून अधिक खाली येईल, आणि हे झाले थंड गाडीचे. प्लास्टिक तापले की मऊ पडते, शिवाय सततच्या भाराखाली महिनोन्महिने हळूहळू वाकत राहते. पाइप पाहताना डोळ्यांना सरळ दिसतो, म्हणून ही बाब सहसा लक्षात येत नाही.

झोळाबरोबर कंपनेही बदलतात. आधारांमधील अंतर दुप्पट झाले की पाइपाची नैसर्गिक वारंवारता एक चतुर्थांश होते. पातळ भिंतीचा, द्रवाने भरलेला पोलादी पाइप मीटरभराच्या अंतरात सेकंदाला साधारण ८० वेळा थरथरू शकतो. दोन मीटरच्या अंतरात हा आकडा २० वर येतो. इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला २० फेऱ्या होतात. इंजिनाची लय आणि पाइपाची लय अशी जुळली की अनुनाद होतो, हादरे साठत जातात, आणि बांधलेली तार करवतीसारखी पाइपाला घासू लागते.

मग चार ठिकाणी घट्ट आवळून टाकावे का? इथे दुसरे गणित आडवे येते, आणि माझ्या मते मालक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. तीन मीटरचा पोलादी पाइप २० अंशांवरून ९० अंशांवर गेला की सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. स्टेनलेस स्टीलचा, जो या गाड्यांसाठी हल्ली बदली म्हणून विकला जातो, तो साडेतीन मिलिमीटर वाढतो, आणि भर न घातलेल्या नायलॉनचा दीड सेंटिमीटरहूनही जास्त. अडीच मिलिमीटर ही क्षुल्लक वाढ वाटते. परंतु दोन्ही टोके जखडलेल्या तीन मीटरच्या पाइपाला ती वाकूनच सामावून घ्यायची असेल, तर भूमितीच्या हिशेबाने मध्यावर त्याला तब्बल ५ सेंटिमीटर बाजूला जावे लागेल. मधल्या क्लॅम्पांनी तेही अडवले, तर तो सगळा जोर क्लॅम्पांवर आणि गाडीच्या गंजलेल्या पत्र्यावर येतो. म्हणून पाइप एकाच ठिकाणी पक्का धरावा आणि बाकीच्या आधारांनी केवळ वजन पेलावे. त्या क्लॅम्पांत रबराचे अस्तर असावे आणि पाइप लांबीच्या दिशेने सरकू शकेल इतकी मोकळीक असावी.

टोकांचा विचार वेगळा करावा लागतो. तापलेल्या यंत्रणेत साधारण १ बार जादा दाब असतो. त्यामुळेच साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हाच दाब पाइपाला त्याच्या टोकावर चढवलेल्या रबरी होजमधून (लवचीक नळीतून) बाहेर ढकलत असतो, आणि ४० मिलिमीटर व्यासाच्या टोकावर हा रेटा सुमारे साडेबारा किलो भरतो. लोंबणाऱ्या पाइपाचे वजन त्यात पडले की जोड निसटायला निमित्त पुरते. प्लास्टिकच्या पाइपांत टोकाशी धातूची नळी बसवलेली असते, ती होजच्या क्लॅम्पखाली प्लास्टिक दबू नये म्हणून. ती गंजून फुगली असेल तर बाहेरून कितीही आवळले तरी गळती थांबत नाही. असा पाइप बदलावाच.

दुरुस्ती चालू असतानाही हेच नियम लागू आहेत. क्लॅम्प काढण्याआधी रुंद कापडी पट्टा खालून घेऊन गाडीच्या सांगाड्याला बांधावा, म्हणजे होजवर भार येत नाही. जॅकचे डोके पाइपाखाली कधीही लावू नये. गाडी पक्क्या स्टँडवर असावी, इंजिन थंड असावे, आणि सांडलेले कूलंट लगेच पुसावे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असल्याने कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.

पाइप पुन्हा बसवल्यावर मूळ उंची राखणे महत्त्वाचे, कारण जिथे तो कमानीसारखा वर उचलला जातो तिथे हवा अडकते आणि कूलंटचा प्रवाह तुटतो. भरताना गाडीचे नाक वर उचलून रेडिएटरच्या माथ्यावरील स्क्रूमधून हवा सोडतात, ती याच कारणाने. शेवटी प्रत्येक क्लॅम्पच्या कडेला पाइपावर खडूने रेघ मारावी, गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी आणि मग खाली डोकावून पाहावे. पक्क्या क्लॅम्पपासून लांबच्या रेघा थोड्या सरकलेल्या दिसल्या तर बांधणी बरोबर आहे. रेघ जागच्या जागी आणि पाइप मात्र बाजूला वाकलेला दिसला, तर तो क्लॅम्प थोडा सैल करावा.