मेंदूचा हादरा (कन्कशन)

डोक्याला, मानेला किंवा अंगाला जोराचा झटका बसून मेंदूच्या कामात काही काळ जो बिघाड होतो, त्याला मेंदूचा हादरा म्हणतात. डॉक्टरांच्या आणि आता क्रिकेट समालोचकांच्याही तोंडी ‘कन्कशन’ हाच शब्द असतो. कवटीतल्या द्रवात तरंगणारा मेंदू झटक्यासरशी हलतो, पिळवटतो. चेतातंतू ताणले जातात, पेशींतले पोटॅशियम बाहेर आणि कॅल्शियम आत जाते. ही विस्कटलेली घडी बसवायला पेशींना जास्त ग्लुकोज लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा घटलेला असतो.

हे काहीच सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन काढतात तो रक्तस्राव किंवा कवटीला तडा नाही ना, एवढे पाहण्यासाठी. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, नुसता मुका मार आहे’ हा घरच्यांचा निष्कर्ष फसवा ठरतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. बहुतेकांची हरपत नाही. निदान होते ते विचारपूस आणि तपासणीवरून: डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, उजेड सहन न होणे, मार बसला त्या वेळचे न आठवणे. रुग्णाला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात, एका रेषेत चालवून तोल बघतात.

लक्षणे उशिराही उमटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तो चाचण्यांत उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला उतरला, ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्रास सुरू झाला. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. हेल्मेट कवटी वाचवते, आतल्या मेंदूचे हेलकावे फारसे थांबवत नाही.

उपचारात औषधाचा भाग थोडाच. डोकेदुखीवर सहसा पॅरासिटामॉल देतात. पहिले २४ ते ४८ तास दमवणारी कामे टाळायची, मोबाइल कमी करायचा. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. दोन दिवसांनी हलके चालणे उलट उपयोगी पडते. ‘झोपू देऊ नका’ हेही डॉक्टरांनी तपासल्यानंतर लागू नाही. पण वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, आकडी (फिट), डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या किंवा न आवरणारी गुंगी दिसली, तर कांदा हुंगवत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

प्रौढ बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाही लागतो. खेळात परतायचे ते टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस देऊन. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवतो. असे रुग्ण मुख्यतः किशोरवयीन खेळाडू असतात.