थाई करी पेस्टची बाटली उघडण्याआधी : नारळाचं दाट दूध आधी घालायचं

आमची ग्रीन किंवा रेड करी पेस्ट नेलेल्या मंडळींचे फोन बहुतेक वेळा एकाच कारणासाठी येतात. करी पाणचट झाली, वास छान आला पण चव उतरली नाही, लसूण कच्चा लागतोय, पेस्ट अजून दोन चमचे घालू का? नका घालू. पेस्ट कमी पडलेली नसते, ती परतलेली नसते.

होतं काय, आपल्याकडे आणि त्यातही कोकणातल्या, गोव्याकडच्या घरांत नारळाच्या रसाचा क्रम हाताला बसलेला असतो. पातळ रसात शिजवून घ्यायचं, दाट रस शेवटी, आणि तो घातला की खळाखळा उकळू द्यायचं नाही कारण फुटतो. बिरड्याला, कालवणाला हे अगदी बरोबर. थाई करीत मात्र बरोबर उलटं करतात. तिथे दाट दूध आधी कढईत घालून मुद्दाम फुटेपर्यंत आटवतात आणि त्याला जे तेल सुटतं त्यात पेस्ट परततात, म्हणजे फोडणीचं तेलच नारळातून येतं. तुम्ही सगळं दूध एकदम ओतून उकळी आली की त्यात पेस्ट सोडलीत तर ती नुसती उकडते, आणि मग कितीही वेळ गॅसवर ठेवा, लसणाचा नि गवती चहाचा कच्चा दर्प काही जात नाही.

तर असं करा. नारळाच्या दुधाचा 400 मिलीचा डबा घ्या आणि हलवू नका, वर साय धरल्यासारखं घट्ट दूध असतं ते चार-पाच चमचे काढून कढईत घाला, मध्यम आच. आधी ते सैल होईल, मग जाडसर बुडबुडे येतील, आवाज बदलून चरचर व्हायला लागेल आणि कडेला तेलाचे थेंब दिसतील. आता 50 ग्रॅम पेस्ट, म्हणजे आमच्या छोट्या बाटलीतली अर्धी, आणि तीन-चार मिनिटं हात न थांबवता परता. नाकात जाणारा ठसका कमी होऊन गोडसर वास यायला लागला आणि पेस्टभोवती तेल सुटलं की झालं, मग उरलेलं दूध आणि लागेल तसं पाणी. चार जणांना पुरतं.

कधी कधी डब्यातलं किंवा टेट्रापॅकमधलं दूध काही केल्या फुटत नाही. तुमचं चुकलेलं नसतं, ते वेगळं होऊ नये म्हणून कंपन्या त्यात स्टॅबिलायझर घालतात. डब्याच्या मागे घटक वाचा, आणि नसेलच फुटत तर सरळ एक चमचा साधं तेल घालून त्यात परता, काही बिघडत नाही. घरी नारळ खोवून काढणार असाल तर पहिला रस अगदी थोड्या कोमट पाण्यात काढा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा, दाट भाग आपोआप वर येतो. आमच्या मते हे सगळ्यात छान लागतं, पण ऑफिसवरून येऊन कोण करणार, म्हणून आम्ही स्टॅबिलायझर नसलेले डबे पेस्टबरोबर ठेवतो, हवे असले तर ऑर्डर देतानाच सांगा.

कांदा-टोमॅटो, आलं-लसूण, गरम मसाला यातलं काही घालायचं नाही. लसूण, छोटे कांदे, धने, जिरं, पांढरी मिरी सगळं पेस्टमध्ये आहे, मीठही आहे, त्यामुळे मीठ शेवटी चाखून. कुकर तर नकोच. वांगी, फरसबी आधी, बेबी कॉर्न नंतर, पनीर शेवटी. लाल भोपळा रेड करीत घालून बघा, थायलंडमध्येही घालतात.

साहित्य मिळत नाही म्हणून अडू नका. पाम शुगरऐवजी थोडा गूळ चालतो. थाई बेझिलऐवजी सब्जाच्या झाडाची पानं घाला, जात तीच आहे. तुळस नको, तिचा वास वेगळ्याच दिशेला जातो, तिखट परतलेल्या खिम्यात वगैरे ती शोभते. फिश सॉस खात नसाल तर लाइट सोया सॉस, पण बेताने. गलांगल म्हणजे आल्याच्याच कुळातला थाई कंद, त्याच्याऐवजी आलं मात्र आम्हाला पटत नाही, म्हणून पेस्टमध्ये गलांगलच असतं आणि गवती चहाचं आपण चहात घालतो ते पातं नाही तर खालचा पांढरा कोंब, वरचे निबर पदर काढून. किंमत त्यानेच थोडी वाढते. मूळ पेस्टमधलं कोळंबीचं आंबवलेलं वाटण आम्ही घालत नाही, बरेच ग्राहक शाकाहारी आहेत. हवं असेल त्यांना वेगळ्या डबीत देतो.

हिरवा रंग फिका का, हेही विचारतात. तो फक्त मिरचीचा आणि कोथिंबिरीचा आहे, परतल्यावर शेवाळी होणारच. खायचा रंग आम्ही घालणार नाही.

आमचा पेस्टो, म्हणजे बेझिलची इटालियन चटणी, नेणाऱ्यांसाठी एकच, तो गॅसवर परतायचा नाही. थाई पेस्टची सवय झालेले तोही कढईत टाकतात आणि काळा पडला म्हणून सांगतात. पास्ता गाळा, त्याचं वाटीभर पाणी ठेवा, गॅस बंद करून पेस्टो आणि थोडं ते पाणी घालून कालवा, बास. त्यात पाइन नट्सऐवजी काजू आहेत, आणि चीज व्हेज रेनेटचं (रेनेट म्हणजे चीज करताना दूध घट्ट करणारा पदार्थ), कारण इटलीतल्या खऱ्या पार्मेजानोत वासराचं रेनेट असतं.

उघडलेली पेस्ट फ्रीजमध्ये, कोरडा चमचा वापरून. महिन्याभरात संपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागतील तेवढ्या वड्या काढता येतात, दाट दुधात तशाच टाकल्या तरी चालतात. आणि फोन करायचा झाला तर कढई गॅसवर असतानाच करा, दुधाला तेल सुटलंय का एवढं सांगितलंत की पुढचं आम्ही लगेच सांगू.