रात्रीच्या सायकलप्रवासासाठी दिवा : निवड आणि बसवणी

दिवा घ्यायला दुकानात येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘हा किती लुमेनचा?’ असा असतो. प्रश्न योग्य आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारावा असे आम्ही सुचवतो. लुमेन हा दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचा आकडा आहे. त्यातला किती उजेड रस्त्यावर पडतो, किती झाडांच्या शेंड्यांवर वाया जातो आणि किती समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे ४०० लुमेनचा, झोत नीट आखलेला आणि नीट बसवलेला दिवा ज्या रस्त्यावर निश्चिंत नेतो, त्याच रस्त्यावर १,२०० लुमेनचा गोल झोताचा दिवा स्वाराला कमी दाखवतो आणि इतरांना त्रास मात्र जास्त देतो. हे पत्रक वाचून दिवा घ्यावा आणि घेतल्यावर ते जपून ठेवावे, कारण त्याचा अर्धा भाग बसवणीविषयी आहे.

आपला रस्ता कोणता?

पुण्यात कर्वे रस्ता, लक्ष्मी रस्ता किंवा जंगली महाराज रस्ता येथे रस्त्यावरचे दिवे पुरेसे असतात. तिथे सायकलच्या दिव्याचे मुख्य काम आपण इतरांना दिसावे हे असते, आणि त्यासाठी २०० ते ३०० लुमेन पुरतात. मात्र शहरातही जिथे झाडांनी खांबावरचे दिवे झाकले आहेत किंवा रस्त्याचे काम चालू असल्याने दिवे बंद आहेत, तिथे रंग न दिलेला गतिरोधक आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेले ड्रेनेजचे झाकण वेळेत दिसावे एवढा उजेड हाताशी हवा. पहाटे सिंहगडाकडे निघणाऱ्यांना खडकवासल्याच्या पुढे डोणज्यापर्यंत दीर्घ अंतर अंधारात कापावे लागते. अशा रस्त्यांसाठी ४०० ते ६०० लुमेन आणि रुंद, सपाट झोत हवा. बोपदेव, दिवे किंवा ताम्हिणी घाट रात्री उतरणार असाल तर ८०० ते १,००० लुमेनची सोय असलेला दिवा घेणे शहाणपणाचे ठरते. चढावर वेग कमी असल्याने तोच दिवा कमी उजेडावर ठेवून बॅटरी वाचवता येते.

वेग आणि उजेड यांचा संबंध साध्या हिशेबाने समजतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात सुमारे १० मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ६ मीटर लागतात. उतारावर वेग ताशी ४० झाला, तर सपाट रस्त्याच्या हिशेबानेच हे अंतर ३२ मीटरच्या आसपास जाते, उतारामुळे त्यात भर पडते आणि ओल्या रस्त्यावर ते बरेच वाढते. दिवा जेवढे अंतर स्पष्ट दाखवतो त्यापेक्षा थांबायला लागणारे अंतर जास्त असेल, तर चूक दिव्याची नसून वेगाची आहे. हा मुद्दा विक्रेत्याने सांगणे विचित्र वाटेल, पण अधिक महाग दिव्यापेक्षा उतारावर ब्रेक थोडा आधी दाबणे स्वस्त पडते.

झोताचा आकार

बाजारातले बरेच दिवे मुळात विजेरीच्या धर्तीचे असतात. त्यांचा झोत गोल असतो, मध्यभागी प्रखर आणि कडेला विरळ. तो रस्त्यावर टाकला की स्वाराजवळचा भाग पांढराफटक होतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि त्यामुळे पुढचा अंधार अधिकच गडद भासतो. याउलट मोटारीच्या डिपरप्रमाणे वरची कडा कापलेला झोत सगळा उजेड खाली, रस्त्यावर ठेवतो आणि दूरच्या भागाकडे जास्त, जवळच्या भागाकडे कमी उजेड पाठवतो. दूरच्या भागाला जास्त उजेड लागतो, कारण अंतर दुप्पट झाले की तिथे पडणारा उजेड एक चतुर्थांश होतो : १० मीटरवर १०० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाचे माप) देणारा झोत २० मीटरवर २५ लक्सच देतो.

जर्मनीत सायकलच्या दिव्यांसाठी कायद्याने मानक ठरवलेले आहे. त्यात १० मीटर अंतरावर झोताच्या मध्याशी किमान १० लक्स उजेड मिळावा आणि ठरावीक रेषेच्या वर २ लक्सपेक्षा जास्त उजेड जाऊ नये, अशी अट असते. या मानकाचे दिवे आपल्याकडेही मिळतात. त्यांच्या खोक्यावर लुमेनऐवजी लक्सचा आकडा असतो, त्यामुळे ते दिसायला ‘कमी पॉवरचे’ वाटतात आणि ग्राहक ते बाजूला ठेवतात. आमच्या मते डांबरी रस्त्यावर रोज रात्री सायकल चालवणाऱ्याने आधी हेच दिवे पाहावेत. टेकडीवरच्या पायवाटेने जाणाऱ्याला मात्र वरच्या फांद्याही दिसाव्या लागतात, म्हणून तिथे गोल झोतच बरा.

समोरच्याचे डोळे दिपवणे हा निव्वळ सभ्यतेचा प्रश्न नाही. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसेनासे झाले, तर त्याची गाडी ज्या दिशेने भरकटू शकते तिथे आपणच असतो.

खोक्यावरचे दावे कसे तपासावेत

‘३,००० लुमेन, ६ तास, वजन १५० ग्रॅम’ अशा मजकुराची खोकी ग्राहक आम्हाला दाखवतात आणि आमचा दिवा एवढा महाग का असे विचारतात. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागे साधारण १०० ते १२० लुमेन देतो. म्हणजे ३,००० लुमेनला किमान २५ वॅट लागतील आणि सहा तासांना १५० वॅट-तास. दिव्यांत सर्रास वापरला जाणारा १८६५० हा लिथियम सेल, ज्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते, तो ३.७ व्होल्टचा असून फार तर १० ते १२ वॅट-तास साठवतो. वरील दावा खरा व्हायचा तर असे १२ ते १५ सेल लागतील आणि निव्वळ सेलचेच वजन अर्ध्या किलोच्या वर जाईल. याच आकाराच्या सेलवर ‘९,९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचे माप) असे छापलेले आढळले तर तो घेऊ नये. चांगल्या कंपन्यांचे सेल २,५०० ते ३,५०० एमएएचच्या दरम्यान असतात.

प्रामाणिक दिव्यांच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वांत प्रखर उजेडावर दिवा तापतो आणि आतले सर्किट स्वतःहून उजेड कमी करते. वारा लागत असताना हे उशिरा घडते, सिग्नलला उभे असताना लवकर. म्हणून दिव्याची क्षमता सर्वोच्च आकड्यावरून न ठरवता, आपल्या प्रवासाच्या पूर्ण वेळेत तो मधल्या पायरीवर किती उजेड देत राहील यावरून ठरवावी. बॅटरी संपत आल्यावर एकदम विझणारा दिवा घाटात घातक ठरतो. तो आधी सूचना देऊन मंद होत जातो का, हे घेतानाच विचारावे.

ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांसाठी सेल बदलता येणारा किंवा पॉवर बँकेवर चालू असतानाच चार्ज होणारा दिवा सोयीचा आहे. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तासांची आणि ४०० ला २७ तासांची मुदत असते. त्यात रात्र येतेच. पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसणारा डायनामो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो आणि एवढ्या विजेवर आजचा एलईडी दिवा उत्तम चालतो. टायरला घासत घरघरणारा बाटलीसारखा डायनामो ज्यांना आठवतो त्यांना सांगावेसे वाटते, की हब डायनामो ना आवाज करतो ना पावसात घसरतो. तरीही चाक नव्याने विणावे लागत असल्याने खर्च मोठा आहे, आणि शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला आम्ही तो सुचवत नाही.

पाऊस

पुण्याचा पाऊस पाहता ‘आयपीएक्स ४’ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसण्याची क्षमता किमान असावी. ‘आयपीएक्स ६’ जोरदार फवाऱ्यासाठी असते आणि पावसाळ्यात रोज जाणाऱ्याने तेच घ्यावे. यातले कोणतेही मानांकन चार्जिंगच्या तोंडावरची रबरी टोपी उघडी राहिली तर निरुपयोगी ठरते. पाणी शिरून बिघडलेल्या दिव्यांत ही टोपी नीट न लावणे हे नेहमीचे कारण असते. ओल्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढे निसटतो, स्वाराकडे परत येत नाही, म्हणून तोच दिवा पावसात मंद वाटतो. पाण्याने भरलेला खड्डा तर सपाट रस्त्यासारखाच दिसतो. यावर अधिक लुमेन हा उपाय नाही. घाटातल्या धुक्यातही उजेड वाढवला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे उजेड कमी करून झोत खाली वळवावा.

पुढचा दिवा बसवताना

दिव्याची जागा हँडलच्या मध्याशी, स्टेमच्या (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या भागाच्या) लगत असावी. ब्रेकच्या व गिअरच्या केबल झोतात येत नाहीत ना, हे रात्री पाहूनच कळते. बास्केट असलेल्या सायकलींना दिवा बास्केटच्या पुढच्या बाजूला लावावा, अन्यथा दप्तर ठेवले की उजेड बंद. हँडलचा व्यास मध्याशी बहुधा ३१.८ किंवा २५.४ मिलिमीटर असतो. क्लॅम्प त्या मापाचा नसेल तर स्क्रू आवळून वेळ मारून न नेता जुन्या ट्यूबची पट्टी खाली घालावी. ती पकडही देते आणि धक्केही शोषते. कार्बनच्या हँडलवर स्क्रू अंदाजाने आवळू नये.

वरची कडा कापलेल्या झोताचा दिवा हँडलच्या खाली उलटा टांगू नये. उलटा लावला की कापलेली कडा खाली जाते आणि सगळा प्रखर उजेड समोरच्याच्या तोंडावर जातो. खाली टांगायचाच असेल तर त्यासाठी बनवलेला दिवा घ्यावा. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या वरच्या भागावर लावलेल्या दिव्याने खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, त्यामुळे ते लवकर लक्षात येतात, पण किरकोळ खळगाही खोल वाटतो. हेल्मेटवरचा दिवा घाटातल्या वळणांवर आपण पाहू तिकडे उजेड टाकतो, हा त्याचा खरा फायदा. मात्र तो डोळ्यांच्या रेषेत असल्याने सावल्या दिसत नाहीत आणि रस्ता सपाट भासतो, शिवाय ज्याच्याकडे पाहाल त्याचे डोळे दिपतात. म्हणून तो एकटा वापरू नये आणि शहरात बंद ठेवावा.

कोन ठरवण्याची आमची पद्धत घरच्या पार्किंगमध्येही करता येईल. सपाट जमिनीवर सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी, नेहमीच्या सामानासह वर बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी दिव्याची जमिनीपासूनची उंची मोजायला सांगावे. ती १ मीटर असेल, तर गोल झोताचा मध्य भिंतीवर ७५ सेंटिमीटरवर यावा, म्हणजे रस्त्यावर तो २० मीटरवर टेकतो. कापलेल्या झोताची वरची कडा ९५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. जागा ठरली की ब्रॅकेटवर मार्करने खूण करावी. दिवा चोरीच्या भीतीने रोज काढून खिशात टाकावा लागतोच, आणि ती खूण नसेल तर पुन्हा लावताना कोन हमखास बदलतो.

मागचा दिवा

मागच्या लाल दिव्याला रात्री २० ते ५० लुमेन भरपूर होतात. त्याची दिशा महत्त्वाची असते, आणि ती चुकलेली आम्हाला वारंवार दिसते. सीटपोस्ट मागे कललेला असतो. दिवा त्याला सरळ चिकटवला तर उजेड जमिनीकडे जातो आणि मागून येणाऱ्याला तो फिका दिसतो, म्हणून कोन सुधारणारे ब्रॅकेट वापरून काच जमिनीला काटकोनात आणावी. सीटखालची पिशवी किंवा लांब रेनकोट त्याला झाकत असेल तर दिवा कॅरिअरवर न्यावा. फ्रेमच्या दांडीवर लावायचा झाल्यास उजवी बाजू निवडावी, कारण आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात आणि डाव्या दांडीवरचा दिवा चाकाआड लपतो.

लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज त्यावरून घेणे मागच्या चालकाला अवघड जाते. मागे दोन दिवे लावून एक स्थिर आणि एक लुकलुकता ठेवणे आम्हाला सर्वांत बरे वाटते, आणि मागचा दिवा विझलेला स्वाराला दिसत नसल्यानेही दोन असणे चांगले. समूहाने जाताना दोन्ही स्थिर ठेवावेत. पुढचा दिवा रात्री कधीही लुकलुकता ठेवू नये. पॅडलवरचे पिवळे परावर्तक काढून टाकण्याची फॅशन आहे, ती टाळावी. वरखाली हलणारा तो प्रकाश पाहताच समोर सायकल आहे हे चालकाच्या ध्यानात येते.

निगा

लिथियमची बॅटरी उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये व पावसात भिजलेला दिवा पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. महिनोन्‌महिने वापर नसेल तर ती निम्मी भरून ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ती ई-कचरा संकलनात द्यावी किंवा आमच्याकडे आणून द्यावी, आम्ही पुढे पोहोचवतो. काचेवरचा चिखल ओल्या मऊ कापडाने पुसावा.

आमच्याकडून घेतलेला दिवा आम्ही विनामूल्य बसवून देतो. मात्र कोन लावण्यासाठी सायकल अंधार पडल्यावर आणावी, हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहानंतर आणि उन्हाळ्यात साडेसातनंतर. सोबत रोज नेत असलेली पिशवीही आणावी.