'आय'ला शॅल, 'ही'ला विल? खुलासा

'आय-वुई आलं की शॅल, बाकीच्यांना विल' हे इंग्रजी भविष्यकाळाचं सूत्र ठाण्यातल्या नौपाड्यापासून वाशीपर्यंत अजून घोकून घेतात. हा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली आपल्या व्याकरणात मांडला. बोलणाऱ्यांनी तो सरसकट कधीच पाळला नाही. 'आय विल कॉल यू' अगदी बरोबर आहे.

बोलण्यात शॅल उरलंय ते मुख्यतः विचारणा करताना. 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?' तिथे 'विल आय' म्हटलं, तर बहुतेकांना 'मी उघडेन का?' असं भविष्य विचारल्यासारखं वाटतं.

आणि घराचा लीव्ह अँड लायसन्स करार काढून बघा: 'द लायसन्सी शॅल पे' (लायसन्सी म्हणजे घर भाड्याने घेणारा). इथे 'आय' नाही, 'वुई' नाही, तरी शॅलच! कारण ते भविष्य नाही, बंधन आहे. भाडं द्यावंच लागेल.