एसएमपीएस बदलताय? मग पंखेही बघा

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे चार-पाच वर्षं चाललेल्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलं, की पंख्याच्या पात्यांवर करडा, चिकट थर हमखास दिसतो. खाडीवरून येणारी हवा दमट. त्यात रस्त्याची नि बांधकामांची धूळ मिसळली की ती फुंकरीने उडत नाही, चिकटून बसते. मग एक दिवस बटण दाबलं तरी संगणक ढिम्म, आणि दुरुस्तीवाला सांगतो, ‘एसएमपीएस उडालाय.’ एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा डबा. नवा बसवणं घरी जमण्यासारखं आहे. पण जुना गरम होऊन गेला असेल आणि ती गरमी तशीच राहिली, तर नवाही फार टिकायचा नाही.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज हा डबा आधी एकदिश करतो, तेव्हा तिचा दाब ३२५ व्होल्टच्या आसपास जातो. मग ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतात. वारंवारता एवढी वाढवली की ट्रान्सफॉर्मर अगदी लहान पुरतो, म्हणूनच डबा हलका. शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर पडतात. या सगळ्यात वीज साठवून ती सपाट करणारे कपॅसिटर सर्वांत नाजूक. त्यांच्यात द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते, कॅबिनेटच्या आतलं तर विचारूच नका. वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरू शकतो, म्हणून डबा स्वतः कधीच उघडू नये.

बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा आणि मगच स्क्रू सोडवा. मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला, २४ पिनांची जोडणी, प्रोसेसरसाठी वेगळी ४ किंवा ८ पिनांची. ही दुसरी विसरली की पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही.

खरा धोका सुट्या वायरींच्या, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसमध्ये आहे. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्ककडचं टोक ठरलेल्या मानकाचं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. ते प्रत्येक कंपनी, कधी कधी प्रत्येक मॉडेल, आपापल्या पद्धतीने ठरवतं. जुन्या वायरी कॅबिनेटमध्ये नीट ओवलेल्या असतात, नव्या डब्यात त्या बसतातही. तेवढ्यावर विसंबून त्या तशाच ठेवल्या, तर डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट जाऊ शकतात. डिस्क जळते, आणि तिच्याबरोबर घरचे सगळे फोटो. तासभर जास्त लागला तरी चालेल, जुनी वायर एकही ठेवू नका.

आता पंखे. तीन पिनांच्या पंख्याला एक वायर १२ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि तिसरी वेग कळवणारी. पंखा दर फेरीला दोन स्पंद पाठवतो, ते मोजून बोर्ड वेग काढतो. चौथी पिन असेल तर तिच्यावरून साधारण २५ किलोहर्ट्झचा संकेत जातो आणि वेग कमी-जास्त होतो. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी बसतो, खाचेमुळे उलटा मात्र बसत नाही. प्रोसेसरचा पंखा ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. तिथे पंखा सापडला नाही तर अनेक बोर्ड सुरू होतानाच इशारा देऊन थांबतात. बोर्डावरची एक जागा साधारणतः १ अँपिअर देते. फाटा लावून दोन-तीन पंखे जोडायचे, तर त्यांच्या स्टिकरवरचे आकडे आधी बेरजेत घ्या.

हवेची दिशा ओळखणं सोपं आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, असा प्रवाह ठेवा. एसएमपीएस खाली बसत असेल आणि तळाला जाळी असेल, तर त्याचा पंखा जाळीकडे करा. मात्र कॅबिनेट सतरंजीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका. मागच्या पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवताना पातं बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने पंखा भन्नाट फिरला की मोटर जनित्रासारखी वागते आणि उलटा दाब बोर्डाकडे जाऊ शकतो.

सगळं जोडून झालं की बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रत्येक पंख्याचा वेग पाहा. पंखा डोळ्यांदेखत फिरतोय आणि तिथे शून्य दिसतोय, तर त्याची तिसरी वायर बोर्डापर्यंत पोचलेली नाही.